एकतीस शिव्या

परिशिष्ट 'अ'मध्ये एकूण एकतीस शिव्या होत्या, आणि त्या सगळ्या फौजदार रणदिव्यांनी मला लोणझरीच्या चावडीत मोठ्याने वाचायला लावल्या.

"मी वाचणं बरं दिसत नाही," ते म्हणाले. "तू बाई आहेस, गावचीही आहेस. वाच."

प्रांत कचेरीतल्या कुणा बिचाऱ्या कारकुनाने व्हिडिओ कॅसेट पुढेमागे करून त्या उतरवल्या होत्या, टंकलिखित केल्या होत्या आणि प्रत्येकीला इमानदारीत क्रमांक दिला होता. मी घसा साफ केला. "क्रमांक एक. तुझ्या चुलीत मांजर व्यालं. क्रमांक दोन. तुझ्या घरची भाकर कुत्रं हुंगून सोडतं." समोर साठ-सत्तर बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. पुढे पुढे शिव्या इतक्या जड होत गेल्या, की माझ्या कानांतून वाफा निघायच्या बाकी राहिल्या. सतराव्या क्रमांकाला पहिल्या रांगेतून आवाज आला.

"सिंधे, थांब. ती आमची न्हवं. ती पल्याडच्या हौसाची हाय. आमच्या नावावर कशाला मांडता?"

ती माझी अनसाआत्या. मी चार वर्षांची असताना आईबाप गेले, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. पोलीस भरतीच्या आधी तीन महिने रोज पहाटे मला माळावर पळवायला तीच न्यायची आणि मी दमून थांबले की तिथेही शिव्या द्यायची. अंगावर वर्दी चढून मला अकरा महिने झाले होते. दोन वर्षांची परिवीक्षा पुरी व्हायची होती.

धुळवडीच्या शिव्या ही आमच्याकडची जुनी रीत. ओढ्याच्या अल्याड लोणझरी, पल्याड उंबरदरा. त्या दिवशी दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर उभ्या राहायच्या आणि सूर्य डोक्यावर आल्यापासून मावळेपर्यंत एकमेकींना शिव्या घालायच्या. नियम तीनच. दगड उचलायचा नाही, पाणी ओलांडायचं नाही आणि त्या दिवशी जे बोललं गेलं ते पुढे वर्षभर पुन्हा काढायचं नाही. पुरुषांना ओढ्यावर यायला बंदी. ते घरी राहून स्वयंपाक करायचे आणि संध्याकाळी बायका घोगऱ्या आवाजाने ते करपलेलं पिठलं गिळायच्या. वर्षभराची सगळी खदखद त्या एका दुपारी बाहेर पडायची. एकदा आमच्या विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीचा फुटव्हॉल चोरीला गेला होता. तो कुणी नेला हे हौसाने शिवी देता देता स्वतःच कबूल केलं आणि दुसऱ्या दिवशी फुटव्हॉल बांधावर आणून ठेवलेला होता.

आदल्या वर्षी शहरातून कुणी तरी कॅमेरा घेऊन आलं. पेपरात छापून आलं, निवेदनं गेली, आणि प्रांतसाहेबांचा मनाई हुकूम निघाला. ओढ्याच्या दोन्ही काठांवर महिलांनी अश्लील, चिथावणीखोर अथवा अन्य कोणतेही शब्द उच्चारू नयेत. परिशिष्ट सोबत जोडले आहे.

"सायेब," आत्या म्हणाली, "आजवर तिथं किती डोकी फुटली?"

"कायदा डोकी फुटायची वाट बघत नाही, बाई." रणदिवे वाईट माणूस नव्हता. आवाजही चढवला नाही त्यांनी. "तुम्ही शिव्या देणार, त्याने माणसं भडकणार. त्यापेक्षा तोंडच बंद ठेवलेलं बरं. शिवाय तुम्हाला आवरायला आम्ही दोन्ही गावची शांतता समिती केलीये. चांगले धट्टेकट्टे वीस-वीस गडी. ओढ्यावर उभे राहतील."

आत्याचं हसू तिथल्या तिथे गेलं. ती उठून उभी राहिली.

"बाप्यांना ओढ्यावर नेऊ नका."

"का?"

"त्यास्नी बोलता येत न्हाई, सायेब."

रणदिव्यांना हसू आवरेना. शिपाईही हसले. मीही थोडी हसले, साहेब हसतात म्हणून.

आत्याला काय म्हणायचं होतं ते खरं तर मला पुरतं ठाऊक होतं. त्या वर्षी खदखद आमच्याच घरात होती. पौषात हौसाच्या मुलाची, दत्तूची शेळी आमच्या हरभऱ्यात शिरली. आत्याचा मुलगा भीमादादा, म्हणजे माझा आतेभाऊ, त्याने तिला धोंडा मारला आणि तिचा पाय मोडला. पुढच्याच आठवड्यात आमचा बैल तोंडाला फेस येऊन मेला. दत्तूने वैरणीत थिमेटचं विष घातलं, असं भीमादादाच्या डोक्यात बसलं. कुणाशी बोलेना, धड जेवेना. आत्या त्याला दोन महिने एकच सांगत होती, "धुळवड हुंदे. हौसाला तोंडावर इचारते. खोटं बोलली तर तिच्या आवाजातच कळंल मला."

चावडीतून निघताना रणदिव्यांनी मला बाजूला घेतलं. "सिंधू, ती म्हातारी म्हणजे त्यांची म्होरकी ना? तुझी आत्या?"

"हो, सर."

"तिनं तोंड उघडलं की सगळ्या उघडणार. तिच्यावर तुझं लक्ष. ओढ्यावर एक शब्द जरी निघाला तरी पहिला रिपोर्ट तुझ्यावर जाईल. मग तू आणि तुझी नोकरी."

धुळवडीला ऊन रणरणत होतं. ओढ्याला जेमतेम घोट्याएवढं पाणी. अल्याडच्या काठावर आमचे वीस, पल्याडच्या काठावर त्यांचे वीस. दंडाला शांतता समितीच्या पांढऱ्या फिती आणि हातात ठाण्यातून मोजून दिलेल्या काठ्या. मागे चढावर दोर बांधून बायकांना अडवलं होतं. आमच्या बाजूच्या दोराशी मी आणि दोन शिपाई होतो.

त्या गड्यांनी नेमकं काय करायचं हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. बायका गप्प होत्या. आवरायला कुणी नव्हतं. मग ते चाळीस जण पाण्याच्या दोन बाजूंना तोंडाला तोंड देऊन नुसते उभे राहिले. दोन्ही गावचे पुरुष असे ओढ्यावर समोरासमोर कधी आलेच नव्हते. सूर्य डोक्यावर आला. एरवी या वेळी पहिली आरोळी उठायची. आज पाण्याची खळखळ तेवढी ऐकू येत होती. माझ्या पाठीला घामाची धार लागली होती आणि मी मनात म्हणत होते, पार पडतंय, पार पडतंय.

भीमादादाच्या बरोबर समोर दत्तू उभा होता. बराच वेळ दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग दत्तूने तोंडातली तंबाखूची पिंक ओढ्यात टाकली. वेगळं काही असेल असं मला आजही वाटत नाही, तोंड भरलं म्हणून थुंकला असेल. पण भीमादादाने पाण्यात पाय घातला.

माझ्या आठवणीत ते पाणी कुणी ओलांडलं नव्हतं. मागच्या बायकांच्या तोंडून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. दत्तूही पाण्यात उतरला. दोघे मधोमध आले. भीमादादाने काठी उचलली. वर नेली आणि तशीच धरली. मारावी की नाही हे त्याचं त्यालाच कळत नसावं. दत्तूनेही त्याची काठी आडवी धरली होती, अंगावर झेलायला. दोन्ही काठ जागच्या जागी थिजले होते.

तेवढ्यात दोर सैलावला. आत्या खालून वाकून आली आणि माझ्या डाव्या अंगाने पुढे सुटली. साठीची बाई, पण अशी पळाली, की दोन्ही शिपायांच्या हाताला तिचा पदरही लागला नाही. मी झेप घेऊन तिच्या आडवी झाले. "आत्या, नको! आत्या, मागे हो!" ती थांबली नाही. तिची नजर माझ्याकडे नव्हतीच. तिने छाती भरून श्वास घेतला, मान वर केली आणि तोंड उघडलं.

मी काठी मारली. वर्मी बसू नये म्हणून खांद्यावर मारायला गेले, पण तिने मान वळवली आणि काठी सरळ तोंडावर बसली. लाकूड हाडावर बसतं तो आवाज मला हातातूनच कळला. आत्या गुडघ्यांवर बसली. तिच्या तोंडातून रक्त आणि दोन दात माझ्या बुटांवर पडले. तिने दोन्ही हातांनी जबडा धरला आणि तिच्या घशातून एक भलताच हुंकार आला.

तो ऐकून भीमादादाने मागे बघितलं. त्याला दिसली ती रक्ताने माखलेली आई. कुणी मारलं हे त्याला दिसलं नव्हतं, मधे माणसं होती. कुणी तरी ओरडलं, "धोंडा मारला रं! म्हातारीला धोंडा मारला!" आणि तोवर हवेत थांबलेली ती काठी दत्तूच्या डोक्यावर उतरली. दत्तू आडवा झाला. भीमादादाने पुन्हा मारलं. पुन्हा मारलं. दत्तू पाण्यात पालथा पडला होता आणि त्याच्या डोक्याखालून तांबडा ओघळ सुटला होता, तरी तो मारतच होता.

मग दोन्ही काठ पाण्यात उतरले. शांतता समितीच्या चाळीस काठ्या. कुणाचा हात मोडला, कुणाच्या डोळ्यावर खाच पडली. एकाचं बोट काठीच्या आणि दगडाच्या मधे सापडलं, ते नंतर तिथेच राहिलं. रणदिवे शिट्टी फुंकत होते आणि त्यांची टोपी वाहून चालली होती. मी आत्याला मांडीवर धरून चढावर बसले होते. आम्ही अडवलेल्या बायका शेवटी दोर तोडून खाली पळाल्या आणि त्यांनीच आपापल्या नवऱ्यांना, पोरांना कमरेला मिठ्या मारून ओढून काढलं. त्याही वेळी एकीने शिवी दिली नाही. नुसत्या ओढत होत्या आणि रडत होत्या.

दत्तू तिसऱ्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलात वारला. भीमादादा त्याआधीच कोठडीत होता. आत्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने एकत्र बांधले आणि दीड महिना बोलायचं नाही म्हणून सांगितलं. कशाने लागलं, असं तिला विचारलं तेव्हा तिने नुसती मान हलवली. पंचनाम्यात रणदिव्यांनी लिहिलं, पल्याडच्या जमावाकडून आलेला दगड.

मी रजा घेऊन तिच्यापाशी राहिले. पडलेल्या दातांच्या फटीतून चमच्याने पेज सोडायची. ती गिळायची आणि माझ्याकडे बघायची. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. एकदा मी तिचे पाय धरून रडले. तिने माझ्या डोक्यावर दोनदा थोपटलं आणि पेजेच्या वाटीकडे बोट दाखवलं. थंड होतीये, असं म्हणायचं होतं तिला.

दत्तूचं तेरावं झालं त्या दिवशी हौसाबाई ओढा ओलांडून आमच्या दारात आली. मी उठून कोपऱ्यात उभी राहिले. वाटलं, आता ही घर डोक्यावर घेणार. ती आत्यापाशी बसली. खूप वेळ दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. मग हौसा म्हणाली,

"अनसे, तुला बोलता येत न्हाई आन मला बोलायचं हाय. तुज्या पोरानं माजं लेकरू खाल्लं. ह्ये मला ओढ्यावर उभं राहून तुला म्हनायचं हाय. घरात बसून न्हाई. ओढ्यावर. पर हुकूम हाय म्हनं."

आत्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"तालुक्याला मुल्ला वकील हाय. त्यो म्हनला, दोगी मिळून अंगठा लावा, हायकोर्टात जाऊ. लावतीस?"

आत्याने मान हलवली. हौसा उठली आणि जाताना माझ्यासमोर थांबली. आत्याचा जबडा माझ्या काठीने मोडला हे तिला माहीत नव्हतं. "माजं लेकरू मुकाट्यानं मेलं गं, पोरी," ती म्हणाली. "त्या दिवशी एक बाई जरी वरडली असती."

अर्ज दाखल झाला तेव्हा आमच्या ठाण्यात हसाहशी झाली. मेलेल्याची आई आणि मारणाऱ्याची आई हातात हात घालून शिव्या द्यायची परवानगी मागतायत. पण मुंबईहून सरकारी वकिलांचं पत्र आलं, तेव्हा हसणं थांबलं. घटनास्थळी हजर असलेल्यांची प्रतिज्ञापत्रं हवी होती. माझं रणदिव्यांनी स्वतःच तयार करून आणलं.

"सही कर," ते म्हणाले.

मी वाचलं. महिलांनी हुकूम मोडून चिथावणीखोर शिव्या दिल्या. त्यामुळे जमाव प्रक्षुब्ध झाला. अनसूयाबाई हिने दोर तोडून पुढे येऊन, आणि इथे एक रिकामी जागा होती, अशी शिवी दिली. त्याच वेळी पल्याडहून दगड आला.

"ही जागा?"

"तिथं शिवी टाक. कोर्टाला नेमके शब्द लागतात. परिशिष्टातली कुठलीही घे, एकतीस आहेत."

"सर, तिने एकही दिली नव्हती."

"देणार होती ना? म्हणूनच तू मारलंस ना?" त्यांनी आवाज खाली आणला. "मी बघितलंय, सिंधू. तरी दगड लिहिला. तुझ्यासाठी. तुझ्या भावालाही त्याचा फायदा आहे, आईला दगड लागला म्हणून डोकं फिरलं असं म्हणता येईल त्याला. बुद्धी गहाण टाकू नकोस."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नोकरी, दादा, माझं नाव, सगळं त्या एका रिकाम्या जागेत होतं. तो कागद मी घरी नेला. दोन दिवस पेन घेऊन त्याच्यासमोर बसले. क्रमांक एक लिहून बघावं, क्रमांक नऊ लिहून बघावं. पण डोळ्यांसमोर तो ओढा यायचा आणि त्यात आवाज म्हणून नसायचा. तिसऱ्या दिवशी मी तालुक्याला गेले आणि मुल्ला वकिलांना म्हटलं, माझं प्रतिज्ञापत्र तुम्ही लिहा.

त्यांनी चष्मा वर केला. "काय लिहू?"

"पहिली काठी उठेपर्यंत दोन्ही काठांवर एकही बाई एक अक्षर बोलली नव्हती. दगड आला नव्हता. आत्याला मी मारलं."

"का मारलं?"

"ती बोलणार होती म्हणून."

"काय बोलणार होती?"

"शिवीच. दुसरं काय?"

चष्मा खाली घेऊन ते लिहू लागले.

मी निलंबित झाले. निकाल लागायला माघ उजाडला. मुल्ला वकील स्वतः गावात आले आणि चावडीत बायकांना त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं. हुकूम रद्द झाला. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं होतं, की ज्यांच्या हातात काठ्या दिल्या त्यांना मोकळीक आणि ज्यांचे हात रिकामे त्यांच्या तोंडाला बंदी, हे कुठल्या घटनेत बसतं? कुणाच्या बोलण्याने कुणी भडकेल अशी भीती असेल, तर भडकणाऱ्याला आवरा. नुसतं कानाला वाईट लागतं म्हणून, तोंड उघडायच्या आतच ते बंद करायचा अधिकार सरकारला नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हौसाने डोळे पुसले.

त्या वर्षीच्या धुळवडीला सकाळपासून आत्या तयार होत होती. जबडा सरळ बसला नव्हता, बोलताना तोंड डावीकडे जायचं आणि काही अक्षरं दातांच्या फटीतून निसटायची. तरी तिने कासोटा घट्ट खोचला, पदर कमरेला आवळला. मी उंबऱ्यात बसले होते. वर्षभर एक गोष्ट मनात होती आणि विचारायचा धीर होत नव्हता. आजच्या दिवशी काही विचारलं तरी चालतं, असं वाटलं.

"आत्या, त्या दिवशी तू दोराखालून आलीस. कोणती शिवी होती गं तुझ्या तोंडात?"

ती खोचता खोचता थांबली.

"शिवी कुटली?" ती म्हणाली. "माजं ध्यान पल्याड न्हवतंच. भिमाकडं हुतं. भिमा, काठी टाक, म्हननार हुते."

मी तिचा पदर धरला. "मग बोलली का नाहीस कधी? वकिलाला? कोर्टात?"

"समद्यांनी इचारलं, तू काय बोललीस. मी म्हनलं, काई न्हाई. खरंच हुतं ते. काय बोलनार हुतीस, ह्ये कुनी इचारलं न्हाई." तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. "आन तुला सांगून काय करनार हुते? जेवली नसतीस तू."

"त्याने टाकली असती का गं?"

"ल्हानपनापास्नं माज्या आवाजाला भ्यायचा त्यो," आत्या म्हणाली.

सूर्य डोक्यावर आला होता. ओढ्याच्या पल्याडहून हौसाबाईचा आवाज उठला. दत्तूचं नाव घेऊन ती आत्याला हाक मारत होती. आत्या माझ्या अंगावरून उंबरा ओलांडून भराभर उतरणीला लागली. जाताना म्हणाली, "चल की, तुलाबी म्हनायचं आसंल तिला काईतरी." पण मला उंबऱ्यावरून उठता आलं नाही.